बाजार कधी उठला?

महाडच्या बंदराचा शेवट कोणत्या दिवशी झाला, हे सांगता येत नाही. सावित्रीतून माल घेऊन वर आलेला अखेरचा पडाव, गांधारीच्या संगमाजवळ उतरलेले अखेरचे मिठाचे पोते, घाटावरून आलेला अखेरचा बैलांचा तांडा, यांपैकी कशाचीही नोंद कोणी केली नाही. त्या दिवशी काही संपत आहे असे कोणालाच वाटले नसेल. राजवटींना तारखा असतात. रायगड इंग्रजांच्या हाती गेला तो मे १८१८ मध्ये, हे शाळकरी मुलालाही सांगता येते. त्याच गडाच्या पायथ्याशी शतकानुशतके चाललेली पेठ मात्र बिनतारखेची विझली.

याच्या अगदी उलट उदाहरण अलीकडचे आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील व्हिडिओ गेमनिर्मात्यांच्या संघटनेने जाहीर केले की ‘इलेक्ट्रॉनिक एंटरटेन्मेंट एक्स्पो’, म्हणजेच जगभर ‘ई-थ्री’ या नावाने ओळखला जाणारा व्यापारमेळा, आता कायमचा बंद होत आहे. येथे मरणाचा दिनांक आहे, निवेदन आहे, त्यावर लिहिले गेलेले ढीगभर मृत्युलेखही आहेत. आणि तरीही ई-थ्री नेमका केव्हा संपला, हा वाद आहेच. कोणी २००७ म्हणते, कोणी २०१३, कोणी २०१९. निवेदन आले तेव्हा मेळा प्रत्यक्ष भरून चार वर्षे उलटली होती.

लॉस एंजेलिसमधला झगमगता मांडव आणि महाडची पेठ यांना एका लेखात बसवणे काहींना ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. साहित्याच्या अभ्यासकाला खेळांच्या व्यापाराशी काय देणेघेणे, असेही कोणी विचारील. परंतु ‘बाजार उठला’ या मराठी वाक्प्रचारात जे क्रियापद आहे त्याचा अर्थ शोधायचा तर ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. व्यापार आटल्यामुळे बाजार उठतो, अशी आपली समजूत असते. या दोन्ही ठिकाणी व्यापार आटला नव्हता. तो वाढला होता, आणि वाढता वाढता त्याला एकत्र येण्याची गरज उरली नाही.

प्रथम महाड. सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते, महाडजवळ गांधारीला पोटात घेते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. भरतीचे पाणी खाडीतून जिथवर चढते, त्या टोकाशी महाड वसले आहे. गावाच्या साऱ्या इतिहासाचे बीज या एका गोष्टीत आहे. भरतीवर स्वार होऊन लहान गलबते इथवर येत. मोठ्यांना खाली दासगावलाच थांबावे लागे. म्हणजे समुद्राची वाट येथे संपे. आणि घाटाची वाट येथेच सुरू होई. एक वरंधा घाटाने भोरकडे जाई. दुसरी पोलादपूरवरून पार घाटाने जावळीच्या खोऱ्यातून वर चढून वाईच्या बाजूला उतरे. नावाड्याला पुढे जाता येत नसे आणि बैलवाल्याला खाली जाण्यात अर्थ नसे. दोघांना थांबावेच लागे, आणि थांबावे लागे म्हणून भेटावे लागे.

पेठ म्हणजे या सक्तीच्या थांब्यावर उभी राहिलेली माणसांची साखळी. माल उतरवणारे हमाल, तो ठेवायला वखारी, भाव जुळवणारे दलाल, आडत घेणारे आडते, उधारी सांभाळणारे सावकार, बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारे, तांड्यांना कडबा पुरवणारे. खालून वर जाई ते मीठ, सुकी मासळी, नारळ. वरून खाली येई ते भुसार, गूळ, मिरची, कांदा. त्यात विशेष काही नाही. कोकण आणि देश यांच्यातील प्रत्येक घाटवाटेचे गणित थोड्याफार फरकाने हेच होते. विशेष आहे तो हंगाम. आषाढ-श्रावणात समुद्र बंद, घाट निसरडे, पेठ अर्धमेली. नारळी पौर्णिमेनंतर दर्या मोकळा होई, दिवाळीच्या सुमारास वाटा सुकत, आणि तेथून ज्येष्ठापर्यंत महाड जागे असे. (ई-थ्री भरे तो मे-जूनमध्ये. आपली पेठ मिटायच्या वेळेला त्यांची उघडे. पण त्यांचाही हंगाम निसर्गाने नव्हे तर सणाने ठरवलेला होता. नाताळात दुकानांत काय मांडायचे, हे मे महिन्यात ठरवावे लागे.)

या थांब्याचे वय मोठे आहे. महाडलगतच्या गांधारपाले येथील बौद्ध लेणी पाहिली की लक्षात येते, की इतकी कोरीव वास्तू उभारायला लागणारे धन आणि ती जिथे कोरावी इतकी वर्दळ या वाटेवर इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतच होती. लेण्यांतल्या शिलालेखात ‘काणभोअ विण्हुपालित’ या कुमाराचे दान नोंदलेले आहे. पुढे पेशवाईत महाड राजकारणाच्या नकाशावर येते ते संकटाच्या वेळी. १७९६ मध्ये पुण्यातून निसटलेल्या नाना फडणिसांनी येथे बसून आपला प्रसिद्ध डाव रचला. इतिहासकार त्याला महाडचे कारस्थानच म्हणतात. १८०२ च्या ऑक्टोबरात होळकरांनी पुण्याजवळ दाणादाण उडवल्यावर दुसरा बाजीराव पळाला तोही याच बाजूने. दोघांनाही येथे यावेसे का वाटले? डोंगर पाठीशी, खाडी पुढ्यात, आणि मुंबईकडे निघून जाण्याची सोय. ज्या कारणाने व्यापारी महाडला येत, त्याच कारणाने पळणारेही येत.

येथे रायगडावरच्या बाजारपेठेची आठवण काढणे क्रमप्राप्त आहे. गडावर दोन रांगांत उभी असलेली, उंच जोत्यांची ती दुकाने, किंवा काही अभ्यासक म्हणतात तशी नगरपेठेतील घरे, आजही सहलीच्या मुलांना दाखवली जातात. ती पेठ आज्ञेने निर्माण झालेली होती. सिंहासन होते म्हणून ती होती. १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला आणि त्या रांगांचे प्रयोजनच गेले. खालची महाडची पेठ मात्र कोणाच्या आज्ञेने वसलेली नव्हती, म्हणून गड पडल्याने ती पडली नाही. शिवशाही, मोगल, सिद्दी, पेशवे, इंग्रज असे धनी बदलले. भरतीचे वेळापत्रक बदलले नाही. आज्ञेची पेठ आणि पाण्याची पेठ, असे हे दोन प्रकार मानावेत. त्यांचे मरण वेगवेगळ्या तऱ्हेने येते.

इंग्रजी अमलाच्या प्रारंभी तर महाडचे महत्त्व वाढले. १८२८-२९ नंतर माल्कमच्या पुढाकाराने महाबळेश्वर वसू लागले, आणि मुंबईहून तिकडे जाण्याचा एक मार्ग जलमार्गाने बाणकोट, खाडीतून महाड, तेथून पोलादपूर आणि पारवरून वर, असा होता. पालख्या, भोई, साहेबांचे सामान, त्यामागून येणारे खानसामे असे एक नवेच गिऱ्हाईक पेठेला मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबेनळीचा रस्ता झाला, त्याला फिट्झेराल्ड घाट असे गव्हर्नराचे नाव मिळाले. घाटावरची बैलगाडी आता खालपर्यंत येऊ शकत होती. पेठेतल्या व्यापाऱ्याने त्या वेळी भविष्य वर्तवले असते तर ते भरभराटीचेच वर्तवले असते.

पण तोवर दुसरीकडे सह्याद्रीला भगदाड पडले होते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली आणि मुंबई-पुणे यांच्यात थांबा लागेनासा झाला. १८९० पर्यंत पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा अशी मीटरगेज लाइन पूर्ण झाली. सातारा आणि वाई या पट्ट्यातला जो माल पश्चिमेकडे उतरून सावित्रीच्या पाण्याला लागत असे, त्याला आता पूर्वेकडे वळून, लांबचा वळसा घालून, तरीही स्वस्तात आणि बाराही महिने मुंबई गाठता येऊ लागली. बारा महिने हा शब्द महत्त्वाचा. रेल्वेला नारळी पौर्णिमेची वाट पाहावी लागत नाही. महाडच्या पेठेने केलेली चूक अशी काही नव्हतीच. तिच्यापासून कित्येक कोस दूर, तिला न विचारता, एक वाट अशी निघाली की तिच्यावर कोणाला थांबावे लागत नव्हते.

मग ऱ्हास सुरू झाला तो थेंबाथेंबाने. खाडीत गाळ साचत गेला. आगबोटी आल्या, पण त्यांना पाणी जास्त लागे. त्या दासगावलाच थांबत. पुढे मोटारी आल्या, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात धरमतरपर्यंत जलमार्गाने आणि तेथून मोटारीने महाडला येण्याचा प्रघात पडला. जे शहर पाण्याचे टोक म्हणून जन्मले ते सडकेवरचे एक ठाणे झाले. १९२८ मध्ये सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. नदी ही वाट होती, ती आता वाटेतला अडथळा ठरली आणि तिच्यावरून ओलांडून जाण्याची व्यवस्था करण्यात आली. बंदर म्हणून महाड संपल्याची तारीख द्यायचीच झाली तर मी त्या पुलाच्या वर्षाकडे बोट दाखवीन. अर्थात हे माझे मत, त्याला कोणाच्या निवेदनाचा आधार नाही.

आता ई-थ्रीकडे वळू. वर केलेल्या वर्गवारीत तो कुठे बसतो? त्याचा जन्म आज्ञेने झाला. १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधील हिंसेवर सुनावण्या झाल्या, त्यातून धडा घेऊन कंपन्यांनी १९९४ मध्ये आपली संघटना उभारली, आणि त्या संघटनेने १९९५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये पहिला मेळा भरवला. त्यापूर्वी हे लोक घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या मोठ्या प्रदर्शनात एका कोपऱ्यात, दूरचित्रवाणी संच आणि टेपरेकॉर्डर यांच्या सावलीत आपला माल मांडत. मान मिळत नाही म्हणून वेगळी चूल मांडली, इतके सरळ ते आहे.

परंतु मेळ्याला जी ताकद आली ती आज्ञेतून नव्हे, महाडला आली तशी सक्तीच्या थांब्यातून आली. खेळ त्या काळी वस्तू होता: डब्यात बंद केलेली कॅसेट किंवा तबकडी. ती बनवणारा एकीकडे, विकणारा दुकानदार दुसरीकडे. दुकानदाराने आपल्या फळीवर किती जागा द्यायची, हे ठरवल्याशिवाय माल पुढे सरकत नसे. आणि ग्राहकाला खबर मिळे ती छापील मासिकांतून, म्हणजे पत्रकारामार्फत. बनवणारा, विकणारा आणि लिहिणारा या तिघांना वर्षातून एकदा समोरासमोर बसणे भाग होते. पहिल्याच मेळ्यात याचा प्रत्यय आला. सेगा कंपनीने आपले ‘सॅटर्न’ हे यंत्र ३९९ डॉलरला त्याच दिवसापासून काही निवडक दुकानांत मिळेल, असे अचानक जाहीर केले. त्यानंतर सोनीचा प्रतिनिधी मंचावर आला, ‘२९९’ एवढा एकच आकडा उच्चारून खाली उतरला आणि ‘प्लेस्टेशन’ची किंमत सांगून झाली. ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते ती नाट्यासाठी. तिचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो: ज्या दुकानदारांना सेगाने वगळले ते दुखावले, आणि त्यांतल्या एका मोठ्या साखळीने सेगाचा माल ठेवणेच थांबवले. दुकानदाराचा रुसवा कंपनीला जड जाऊ शकत होता, तो हा काळ. आपल्या जुन्या पेठांतील आडत्याला हे सगळे ओळखीचे वाटले असते.

२००५ पर्यंत सुमारे ७०,००० माणसे या मेळ्याला येऊ लागली. मांडव इतके अवाढव्य, आवाज इतका कर्कश आणि खर्च इतका प्रचंड झाला की मोठ्या कंपन्याच कुरकुरू लागल्या. २००७ मध्ये मेळा छाटून सांता मोनिकात काही हजार निमंत्रितांपुरता केला गेला. तो कोणालाच आवडला नाही. २००९ मध्ये जुना थाट परत आणला. पण त्या दोन वर्षांत सर्वांना एक गोष्ट कळून चुकली होती: मेळ्याशिवायही खेळ विकले जातात.

पुढचे सारे रेल्वेच्या लाइनसारखे आहे, मेळ्यापासून दूर घडलेले. स्टीमसारख्या सेवांनी २००३ पासून खेळ तारेवरून थेट घरी पोचवायला सुरुवात केली होती; डबा गेला, फळी गेली, फळीसाठी करावी लागणारी मनधरणी गेली. निन्टेन्डोने २०११ मध्ये आपल्या घोषणा स्वतःच चित्रित करून थेट प्रेक्षकांपर्यंत पाठवायला आरंभ केला आणि २०१३ पासून ई-थ्रीतील आपली भव्य सभा सोडून दिली. २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने मांडवातील जागा सोडून शेजारी स्वतःचा वेगळा तंबू ठोकला. २०१९ मध्ये सोनी आलीच नाही, म्हणजे ज्याने पहिल्या वर्षी एका आकड्याने मैफल मारली, तोच पाहुणा गैरहजर. त्याच वर्षी संघटनेच्या संकेतस्थळावरून दोन हजारांहून अधिक पत्रकारांची खासगी माहिती उघडी पडली आणि उरलासुरला जिव्हाळाही पातळ झाला. २०२० चा मेळा साथीमुळे रद्द झाला, २०२१ चा पडद्यावर उरकला, २०२२ आणि २०२३ चे रद्द. साथीने ई-थ्री मारला असे म्हणणे म्हणजे आंबेनळीत दरड कोसळल्याने महाडचा व्यापार बुडाला असे म्हणण्यासारखे आहे.

या काळात खेळांचा धंदा घटला का? मुळीच नाही, चित्रपटांच्या धंद्यालाही मागे टाकील इतका तो फुगला. मधला थांबा गेला, मधली माणसे गेली, मेळा गेला. कोलोनचा ‘गेम्सकॉम’ आणि तोक्योचा मेळा टिकून आहेत, याचे कारणही येथेच सापडते. ते आरंभापासून सामान्य खेळाडूंना आत घेत आले. ई-थ्रीचा दरवाजा बावीस वर्षे फक्त धंद्यातल्या लोकांसाठी होता. २०१७ मध्ये त्याने १५,००० तिकिटे बाहेरच्यांना विकली, तेव्हा घरातले बरेच मानकरी निघून गेलेले होते.

दरवाजा कोणासाठी उघडा होता, हा प्रश्न महाडला विचारला की विषयाचे वजनच बदलते. मेळ्याचे तिकीट न मिळणे आणि पाणी न मिळणे यांची तुलना कोणी करू नये. मीही करीत नाही. पण सर्वांना सामावून घेणारी, जातपात न पाहता रोकडा पाहणारी अशी जी बाजारपेठेची एक गोड प्रतिमा आपल्या लेखनात वावरते, ती महाडमध्ये टिकत नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील माणसे महाडला का येत, हे डॉ. आंबेडकरांनी स्वतः नोंदवले आहे. ती खरेदीसाठी येत, आणि गावकामगार म्हणून तालुक्याच्या कचेरीत टपाल पोचवायला किंवा सरकारी वसूल भरायला येत. बाहेरगावच्या माणसाला पाणी मिळेल असा सार्वजनिक जलाशय एकच, चवदार तळे. त्याला हात लावता येत नसे. अस्पृश्य वस्तीतली विहीर पेठेपासून दूर. म्हणजे पेठेला त्यांचा पैसा चाले, सरकारला त्यांचे पाय चालत, तहान मात्र कोणालाच चालत नसे.

रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या आठवणींत या बाजाराचे आतले दर्शन घडते. मोरे १९०३ मध्ये महाडजवळच्या लाडवलीत जन्मले, दासगावात वाढले आणि महाड परिषदेच्या प्रमुख संघटकांपैकी एक झाले. बाजाराला येणाऱ्या आपल्या लोकांना पाणी मिळावे म्हणून महाडमध्ये चहाचे एक दुकान निघाले, ते मोरे यांच्या नात्यातल्या गृहस्थांनी चालवले, आणि हळूहळू ते भेटीगाठींचे, पत्रे वाचून दाखवण्याचे, गाऱ्हाणी सांगण्याचे ठिकाण बनले. पेठेने जो थांबा नाकारला तो त्यांनी पेठेतच निर्माण केला. माझ्या दृष्टीने महाडच्या व्यापारी इतिहासातील सर्वांत मोलाचे दुकान ते आहे. त्याची उलाढाल कोणत्याही गॅझेटियरात सापडायची नाही.

दासगावचे स्थान येथे पुन्हा लक्षात घ्यावे लागते. जहाजे थांबण्याचे हे ठिकाण निवृत्त महार सैनिकांच्या वस्तीचेही होते. ‘विटाळ विध्वंसन’ (१८८८) लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर याच परिसरातले. १८९५ मध्ये त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा स्पृश्य सभासदांना ती सहन झाली नाही. ज्या वाटेने मीठ आणि नारळ आले त्याच वाटेने पलटणीतले निवृत्तिवेतन, मुंबईची वर्तमानपत्रे आणि शाळेची ओढ आली. बंदर माल उतरवते तेव्हा त्याच्यासोबत काय उतरते, यावर कोणाचा ताबा नसतो.

१९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचे कागदावर आणले, आणि २० मार्च १९२७ रोजी परिषदेतून निघालेले लोक प्रत्यक्ष पाणी प्यायले. आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी आवई उठवून त्यांच्यावर हल्ला झाला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तेव्हा पेठेने जे केले ते व्यापारशास्त्राच्या पुस्तकात बसत नाही: स्थानिक व्यापाऱ्यांनी धान्य विकायला नकार दिला. हजारो माणसे येणार, रोख पैसा येणार, आणि दुकानदार म्हणतो, विकत नाही. मांडवाला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. शिधा बाहेरून आणावा लागला.

आणि वाट? धरमतर-महाड मोटारींचे मालक बसू देणार नाहीत, अशी चिन्हे होती. म्हणून डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे प्रतिनिधी २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ या आगबोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले आणि तेथून घोषणा देत महाडपर्यंत चालत गेले. व्यापाराने टाकत आणलेली ती जुनी जलवाट, मोटारींनी निरुपयोगी ठरवलेली, त्या दिवशी तीच उपयोगी पडली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पूल तोवर नऊ वर्षांचा झाला होता.

नंतरच्या गोष्टी आपल्या परिचयाच्या आहेत. मुंबई-गोवा महामार्ग झाला; पोलादपूर हे कशेडी आणि आंबेनळी यांच्या पायथ्याशी चहापुरते थांबण्याचे गाव झाले. त्या पोलादपुरात ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, हे गाडीतून उतरून पाय मोकळे करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? १९९३ मध्ये कोकण रेल्वे वीरपर्यंत आली आणि १९९८ पासून सरळ पुढे निघून जाऊ लागली. बिरवाडीच्या बाजूला रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. महाड गरीब झाले असे म्हणता येणार नाही. तेथून आज जितका माल जातो तितका पेठेच्या ऐन भरातही गेला नसेल. तो टँकरमधून जातो, आणि टँकर थांबत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात तो १९२८ चा पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह कित्येक माणसे गेली, तेव्हा राज्याला आठवले की खाली नदी आहे. नवा पूल वर्षाच्या आत झाला. जुलै २०२१ च्या पुराने पुन्हा साऱ्या पेठेत पाणी भरले, आणि त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेले.

शेजारच्या जगबुडीच्या खाडीला श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ लाभली. सावित्रीच्या पेठेची स्मृती शोधायला निघालेल्या विद्यार्थ्याला कादंबरीपेक्षा इतर कागदच चाळावे लागतात: जिल्ह्याचे गॅझेटियर, खटल्याचे निकालपत्र, मोऱ्यांच्या आठवणी, आंबेडकरांचे लेखन. व्यापाऱ्यांच्या चोपड्या जेथे भाव सांगून गप्प होतात, तेथे पेठेच्या पायरीवर ज्यांना पाणी मिळाले नाही त्यांनी ती पेठ बारकाईने लिहून ठेवली, कोण कुठे बसे, कोणत्या गल्लीतून जाता येई आणि कोणत्या नाही, हे सगळे. ई-थ्रीच्या बाबतीतही, फार हलक्या सुरात का होईना, काहीसे असेच घडले आहे. कंपन्या गेल्या, आणि ज्यांना कधी प्रवेशपत्र मिळाले नाही असे खेळाडू जुन्या सभांच्या चित्रफिती, माहितीपत्रके, मांडवांचे नकाशे जमवत बसले आहेत.

महाशिवरात्रीला महाडात वीरेश्वराचा छबिना निघतो. आसपासच्या गावांच्या पालख्या भेटीला येतात, मोठी यात्रा भरते, खेळण्यांची आणि खाऊची दुकाने लागतात. तिच्यावर रेल्वेचा, पुलाचा, महामार्गाचा काही परिणाम झाला नाही, कारण तेथे कोणी दुसरीकडे जाताना थांबत नाही. तेथे येण्यासाठीच येतात. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला चवदार तळ्यावर येणारे लाखो लोकही तसेच येतात. त्या दिवशी तळ्याभोवती पुस्तकांची दुकाने लागतात, आणि कित्येकजण पहिले पुस्तक तेथेच विकत घेतात.